पणजा काळारामला होता का?

आमच्या घरात एक गोष्ट आहे. दर चौदा एप्रिलला ती सांगितली जाते. माझा पणजा, म्हणजे आज्याचा बाप, १९३० साली नाशिकला काळारामच्या सत्याग्रहात होता. रामनवमीच्या उत्सवात रथाच्या वेळी दगड पडले, त्यातला एक त्याच्या कपाळाला लागला. रक्त पुसलं नाही, तसाच उभा राहिला. ही गोष्ट माझे काका वस्तीच्या स्टेजवरून सांगतात. आवाज चढवून सांगतात. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्यात. लहानपणी इतिहासाच्या तासाला मास्तर लढाया सांगायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, आमचा पणजापण लढलाय, फक्त तुमच्या पुस्तकात त्याला जागा मिळाली नाही.

दोन वर्षांपूर्वी मला या गोष्टीच्या मागे जावं लागलं. हौस म्हणून नव्हे. बहिणीला नर्सिंगला जायचं होतं. जातीचा दाखला, मग त्याची पडताळणी. ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. १० ऑगस्ट १९५० ला अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला, म्हणून त्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. तुझा आजा-पणजा तेव्हा इथेच राहत होता आणि त्याच्या नावापुढे ती जात लिहिलेली होती, असा कागद आण.

आता यातली गंमत बघा. जो शब्द आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला टाकून आलो, तोच शब्द सरकारी दप्तरात हुडकत फिरायचं. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं गेली. पण त्या सवलतीच्या दारात जायचं तरी जुना शब्द हातात धरूनच जावं लागतं. बाप बौद्ध, आजा बौद्ध, आणि पोरगा तहसीलच्या खिडकीत उभा राहून विचारतो, "साहेब, आमचा महार लिहिलेला कागद सापडंल का?"

मी रागातच गेलो होतो. पण लाल कापडात बांधलेलं ते दप्तर सुटलं, धुळीने शिंका आल्या, आणि राग बाजूला राहिला. मला वाटलं, अरे, यात आपली माणसं आहेत.

आहेत, पण कशी आहेत ते ऐका.

मोठ्या घराण्यांच्या वंशावळी असतात. त्यांच्याकडे बखरी असतात, सनदा असतात, तीर्थाच्या उपाध्यांकडे वह्या असतात. नाशिकला आहेत, त्र्यंबकला आहेत. गेलेल्या माणसाने आपलं गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, उपाध्या वही काढतो आणि पाच-सहा पिढ्यांची नावं घडाघडा वाचून दाखवतो. आम्हाला रामाच्या दाराशीच अडवलेलं. आमची वही कोण उघडणार? आमची वही म्हणजे कोतवाल बुक. गावच्या जन्ममृत्यूची नोंद, गाव नमुना नंबर १४. जुनी पानं मोडीत. मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो. २०२३ साली सरकारने कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा या मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. मला जो म्हातारा भेटला त्याला दोन रविवार चहा पाजला तेव्हा त्याने आमच्या गावची पानं हातात घेतली.

त्या पानावर काय असतं? बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. बस. पोराचं स्वतःचं नाव नाही. ज्या बाईने ते जन्माला घातलं तिचं तर नाहीच नाही. आमच्या घराण्यातलं पहिलं लिहिलेलं वाक्य हे असं आहे : अमक्या वल्द तमक्या महार यास मुलगा. आणि नावं तरी कशी? कुणाच्या पुढे राव नाही, कुणाच्या मागे जी नाही. राम्या, धोंड्या, सगळे 'या'वर संपणारे. हाक मारावी तसं नाव लिहिलंय, लिहिणाऱ्याला दुसरी सवयच नाही. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' लागलेली आपल्या माणसांची नावं दगडात कोरली आहेत, १ जानेवारी १८१८ ची. पलटणीत मेलेल्याचं नाव नीट आलं. येसकरीत जन्मभर राबलेल्याचा राम्या झाला.

वतनाच्या कागदातही तेच. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला सरकारचा गावनोकर केलं. कामाला वेळ नाही, रात्र नाही, दिवस नाही. टपाल पोचव, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळ, मेलेलं ढोर ओढ, सांगावा घेऊन जा. बदल्यात हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं तेव्हा आपल्यातल्याच काही जुन्या माणसांना भीती वाटली, की बेदरच्या बादशहाने दिलेले बावन्न हक्क जातील. बावन्न! आमच्या गावातले म्हातारे ते हक्क बोटावर मोजायचे म्हणतात. बोटं संपायची, हक्क संपायचे नाहीत, आणि घरात दाणा नसायचा.

असो. पणज्याकडे येतो.

कोतवाल बुकात त्याची नोंद लागेना. ती वर्षंच दप्तरात नाहीत. मग गावच्या शाळेत गेलो. शाळेचं जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं असतं आणि पडताळणीवाले त्यालाच जास्त मानतात. गुरुजी चांगले होते. टेबल पुसून रजिस्टर ठेवलं. सापडला. माझा पणजा, नाव, बापाचं नाव, धर्म हिंदू, जात महार. दाखल १९३१. शाळा सोडल्याचं कारण : सतत गैरहजर सबब नाव कमी. आणि जन्मतारीख : १ जून १९२४.

बहिणीचं काम झालं. मी फोटो काढला, नक्कल मागितली. बाहेर येऊन बांधावर बसलो आणि हिशेब केला. काळारामचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३०. रथ त्या साली ९ एप्रिलला होता. म्हणजे माझा पणजा, जो रथापुढे छातीचा कोट करून उभा होता, तो तेव्हा सहा वर्षांचापण नव्हता.

घरी येऊन मी हे काकांना सांगितलं. सांगायला नको होतं, निदान जेवताना तरी. काका ताटावरून उठले नाहीत पण घास खाली ठेवला. म्हणाले, "तुला कागद खरा वाटतो आणि बाप खोटा?" मी म्हटलं, काका, तुम्ही स्वतः नव्हता बघायला. ते म्हणाले, "ते लोक टपूनच बसलेत आपला इतिहास खोटा म्हणायला. तू घरातूनच त्यांच्या हातात दगड दे."

दोस्तहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी पाळीला जाताना-येताना महिनाभर यावर विचार केला. ज्यांच्याकडे बखरी आहेत त्यांनी एखादी लढाई फुगवली तर तिला परंपरा म्हणतात. आपण एक दगड कपाळावर वाढवला तर काय मोठं पाप? पण मग वाटलं, बाबासाहेबांनी शूद्रांवरचं पुस्तक १९४६ साली आणि अस्पृश्यांवरचं १९४८ साली काढलं. त्या माणसापुढे सगळं शास्त्र, सगळे पंडित विरोधात उभे होते. तरी पुरावा कुठपर्यंत जातो आणि तर्क कुठून सुरू होतो हे त्यांनी वाचकापासून लपवलं नाही. ते लपवत नाहीत आणि मी चौदा एप्रिलच्या टाळ्यांसाठी लपवायचं?

पण काकांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी होती. कागद खरा कशावरून? १ जून! जुनं रजिस्टर उघडून बघा, अर्धी शाळा १ जूनला जन्मलेली. आपल्या पोराची जन्मतारीख आईबापाला सांगता यायची नाही. मास्तर पोराकडे बघायचा, दात बघायचा, उंची बघायचा आणि ठोकून द्यायचा. सात वर्षांचं दिसतंय, लिही. म्हणजे माझा पणजा १९२४ चा नसेल, १९२१ चा असेल, १९२६ चाही असेल. तरीसुद्धा रथ ओढणारा तरणा गडी काही होत नाही.

आणि गोष्ट फुगण्याची दुसरी खूण मला त्याच वेळी मिळाली. आमच्याकडे म्हणतात, पणजा मुंबईला गिरणीत साच्यावर होता. साच्यावर म्हणजे कापड खात्यात, विणकर. पत्र्याच्या पेटीत त्याचं जुनं तिकीट सापडलं. त्यावर रिंग खातं. म्हणजे सूत खातं. कळलं का? कापड खात्यात पगार जास्त आणि आपल्या माणसाला तिथे मज्जाव. कारण धोट्यातली कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. एकच धोटा आज एकाच्या ओठाला, उद्या दुसऱ्याच्या. आपल्या थुंकीने त्यांचा धर्म बुडायचा. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. कामगार सगळे एक म्हणता, मग कापड खात्याचं दार आमच्या माणसाला बंद का? मागणीपत्रात ते घ्यायला त्यांना जड गेलं होतं.

तर पणजा साच्यावर नव्हता. असता तर बरं झालं असतं म्हणून घरच्यांनी त्याला साच्यावर बसवला. मी आज भिवंडीला मागावर उभा असतो, तेव्हा मला हे समजतं. त्याला मिळालं नाही ते गोष्टीत मिळवून दिलं. पण 'पणजा साच्यावर होता' असं म्हटलं की धोट्याचा तो सगळा इतिहास पुसला जातो. आपणच पुसतो. ज्याने त्याला बाहेर ठेवलं तो सुटतो.

मग मी आजीकडे गेलो.

आजी बहात्तरच्या घरात आहे. नाशिकजवळ सिन्नर तालुक्यात आमचं गाव, ती तिथेच असते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी शहाणपणा केला. मोबाईल तिच्यापुढे ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं, "आजी, तुझ्या सासरच्या माणसांबद्दल सांग. साल सांग." आजीने पदर डोक्यावर घेतला, ताठ बसली आणि बुद्धवंदना म्हणाली. मग म्हणाली, बाबासाहेबांनी आपल्याला माणसात आणलं. मग गप्प. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, त्यात बाराएक मिनिटं बाहेरची कोंबडी बोलते.

साल विचारायचं नसतं हे मला नंतर कळलं. तुम्हीही जाल तेव्हा साल विचारू नका. आपल्या म्हाताऱ्यांचं कॅलेंडर वेगळं आहे. मानमोडीच्या साथीच्या आधी का नंतर? १९१८ धरा. बाबासाहेब येवल्याला बोलले तेव्हा तू झाली होतीस का? १३ ऑक्टोबर १९३५. बाबासाहेब गेले तेव्हा चूल पेटली होती का घरात? दादासाहेब गायकवाडांच्या जमिनीच्या सत्याग्रहात कोण आत गेलं? ६ डिसेंबर १९६४ पासून पुढे. खडी फोडायला होतीस तेव्हा कडेवर कोण होतं? बहात्तरचा दुष्काळ. बापाचं काम कधी सुटलं? संपात, १८ जानेवारी १९८२. असे खुंटे ठोकत गेलं की साल आपोआप बांधलं जातं. आणि एक, समोरासमोर बसू नका. काहीतरी हातात घ्या. दुसऱ्या खेपेला आजी तांदूळ निवडत होती. मीपण ताटाच्या कडेला बसलो आणि खडे काढायला लागलो. मोबाईल खिशातच होता.

मी सहज म्हटलं, काका म्हणतात पणजा काळारामला होता. खरं का?

आजी म्हणाली, "आरं, त्यो कुठला जातोय! त्यो तं एवढुसं पोर व्हता. गेली व्हती थोरली."

थोरली म्हणजे पणज्याची आई. माझी खापरपणजी. आजी लग्न होऊन या घरात आली १९६८ ला, तेव्हा थोरली जिवंत होती. दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी गेली. म्हणजे आजीने तिच्याबरोबर सहा-सात वर्षं काढली, तिची वेणी घातली, तिचे पाय चेपले. आणि थोरली तिला सांगायची.

आजीच्या बोलण्यातून मला जुळलं ते असं. गावातून नाशिकला जायचं ठरलं तेव्हा थोरलीच्या नवऱ्याची येसकरपाळी होती. काठी त्याच्या हातात. पाळी टाकून तो गेला असता तर पाटलाने साऱ्या महारवाड्याचं बलुतं बंद केलं असतं. घरातून एक माणूस तर गेलं पाहिजे. मग थोरली निघाली. पोर घरी ठेवायला कोण नव्हतं म्हणून त्याला बरोबर घेतलं. रात्रभर चालत गेले. पोर थकलं की पाठीवर घ्यायची. फडक्यात भाकरी आणि चटणी.

"मग रथ?" मी विचारलं.

"रथ तिला दिसलाच न्हाई. मान्सं लय व्हती. ती म्हनायची, धूळ दिसली आन् मंग दगडं."

हे ऐकलं आणि माझ्या हातातला खडा तसाच राहिला. कारण जे स्टेजवर सांगतात त्यात रथ चांगला सजवलेला असतो. जी तिथे होती ती म्हणते, मला रथ दिसलाच नाही. मला तरी हे खरं वाटतं.

तरीही मी आजीची उलटतपासणी केली. कपाळावर खूण होती का? आजी म्हणाली, व्हती, इथं, भुवईच्या वर. थोरली म्हणायची दगडाची. पण माझी सासू म्हणायची, थोरली विहिरीवर घसरली व्हती तवाची हाये. आता सासवांचं आपसात किती पटायचं हे आजीलाच माहीत. मी दोन्ही लिहून ठेवलं आहे. एका पानावर, शेजारी शेजारी. दगड की विहीर, माझ्याने ठरत नाही.

बायका तिथे होत्या हे मात्र ठरवायला आजीची गरज नाही. २ मार्चला सुमारे पंधरा हजार माणसांची मिरवणूक निघाली, आणि दुसऱ्या दिवशी देवळाच्या चारी दारांवर जी पहिली तुकडी बसली तिच्यात १२५ पुरुष होते आणि २५ बाया. पुस्तकात आहे हे. आपण वाचतो आणि पुढे जातो. २५ हा आकडा वाचताना कुणी थांबतो का, की या पंचवीस जणी कुणाच्या घरच्या होत्या? पोरं कुणाकडे ठेवून आल्या होत्या? पुढाऱ्यांचं जपलं गेलं. खैरमोड्यांनी बाबासाहेबांचा एकेक कागद गोळा केला, पहिला खंड तर बाबासाहेब असतानाच १९५२ ला काढला. त्या पंधरा हजारांचा खैरमोडे कोण? ज्याच्या-त्याच्या घरातूनच तो निघायला पाहिजे.

बायांच्या बाबतीत हे काम दोघींनी केलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना शोधत गेल्या, त्यांच्या दारात बसल्या, लिहून घेतलं. 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ ला आलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचा, माझा हा लेख नंतर वाचला तरी चालेल. आणि बेबीताई कांबळे. फलटणला दुकानात बसून लिहायच्या आणि नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या. वर्षानुवर्षं. 'जिणं आमुचं' त्या लपवलेल्या वह्यांतून आलं. आपल्या घरांत अशा किती वह्या चुलीत गेल्या असतील.

आता एक कडू गोष्ट. आजीने मला आणखी सांगितलं. ढोर मेलं की वाटा कसा पडायचा, थोरली पाटी डोक्यावर घेऊन कशी यायची, चान्या करून दोरीवर कशा वाळत घालायच्या, पावसाळ्यात त्याच कशा पुरवायच्या. आणि नंतर एक दिवस थोरलीने दोरी सोडली, चान्या उकिरड्यावर टाकल्या, आणि त्या पावसाळ्यात घरात उपास पडले. आजी हे सांगताना थांबली नाही, तांदूळ निवडत राहिली. काका मात्र म्हणाले, काळारामचं लिही, पाहिजे तर बाईचं म्हणून लिही, पण हे लिहू नको. पोरीला उद्या स्थळं येतील.

मी त्यांना दोष देत नाही. काकांनी कॉलनीत नवीन घर घेतलं तेव्हा शेजाऱ्याने आडनावावरून काय काय विचारलं ते मला माहीत आहे. पण चान्या काढून टाकल्या तर काळारामला जाण्याला काय अर्थ राहतो? जिच्या डोक्यावर पाटी होती तीच देवळाच्या दारात गेली. आणि जिने दोरी सोडली तिने उपास काढले. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, मार्च १९२७. तो ठराव आपण पाठ म्हणतो. त्या ठरावाची किंमत कुणाच्या पोटाने दिली ते फक्त आजीला माहीत आहे. म्हणून मी लिहिलं. छापतोही आहे. काका, माफ करा.

राहिलं थोरलीचं नाव.

मी आजीला विचारलं, तिचं नाव काय? आजीने निवडायचं थांबवलं. खूप वेळ आठवत बसली. "थोरलीच म्हनायचो की सारी." सासूचं नाव घ्यायचं नाही, सासूच्या सासूचं तर नाहीच. गावात तिला पोराच्या नावाने हाक मारायचे, अमक्याची आय. देशाची पहिली निवडणूक झाली तेव्हा यादी करणाऱ्यांना बायका असंच सांगायच्या, अमक्याची बायको, तमक्याची आई. स्वतःचं नाव सांगितलं नाही म्हणून सुमारे २८ लाख बायका मतदार यादीतून गेल्या, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. बाबासाहेबांनी मताचा हक्क दिला आणि नावच नाही म्हणून तो गेला.

बहिणीच्या पडताळणीला वंशावळ लिहून द्यावी लागली, प्रतिज्ञापत्रावर. खापरपणजा, पणजा, आजा, बाप, मग अर्जदार. सरळ दोरी बापाबापांची. अर्जदार पोरगी आहे आणि तिच्या वर चार पिढ्यांत एक बाई नाही. मी कारकुनाला विचारलं, यात आईचं नाव घालू का? तो म्हणाला, घातलं तर अर्ज परत येईल.

मग मला मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्याने वाट दाखवली. ही तुम्हालाही सांगतो, कामाला येईल. जन्माच्या कागदात बाई नसते. शाळेच्या कागदात बाई नसते. बाई सापडते ती नवरा मेल्यावर, वारसाच्या फेरफारात. महार वतनं १९५८ च्या कायद्याने खालसा झाली, १ ऑगस्ट १९५९ पासून. मग आकाराच्या पटीत पैसे भरून जमीन पुन्हा नावावर करून घ्यायची. ज्यांना जमलं त्यांनी भरले, कित्येकांचा तुकडा त्यातच दुसऱ्याच्या घशात गेला. त्या वेळी मयत वतनदाराचे वारस कोण, याची नोंद झाली. तिथे बघ, तो म्हणाला. तिथे विधवा असते.

तीन खेपा झाल्या. दोन रजा गेल्या, एक दिवसाचा पगार कापला. तिसऱ्या खेपेला फेरफाराचं ते पान निघालं. १९६१ चं. खापरपणज्याचं नाव, मयत. वारस म्हणून पणज्याचं नाव, त्याच्या भावांची नावं. आणि शेवटच्या ओळीत विधवा. पण पानाची ती कड कसरीने खाल्लेली. नावाचा पुढचा भाग गेलेला. उरलंय ते एवढंच : '...बाई, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.'

आणि अंगठा.

झेरॉक्स घेऊन मी आजीकडे गेलो. या वेळी तिने चष्मा लावला. कागद दारापाशी उजेडात नेला. म्हणाली, थोरलीच्या डाव्या अंगठ्याला विळा लागला व्हता, आडवा. मधोमध चिर व्हती. ती चिर दिसती का बघ. मी बघितलं. झेरॉक्समध्ये अंगठा म्हणजे नुसता काळा डाग. आजीनेही बघितलं, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

मग म्हणाली, "ह्यो तिचाच कशावरून? तलाठ्यानं कुनाचाबी घेतला आसंल." मला हसू आलं. मी दोन वर्षांत जे शिकलो ते आजीला आधीपासून येत होतं.

या चौदा एप्रिलला काका स्टेजवर गेले. मी खाली उभा होतो. त्यांनी काळारामची गोष्ट सांगितली. रथ होता, दगड होते, आवाज चढला. पण पणजा म्हणाले नाहीत. "आमच्या घरातलं एक माणूस होतं," असं म्हणाले, आणि क्षणभर माझ्याकडे बघून पुढे गेले.

आजीला झेरॉक्स पुरत नाही. तिला मूळ कागद बघायचा आहे, त्यात चिर दिसेल म्हणते. तिचे गुडघे दुखतात, तहसीलच्या जिन्याला पंधरा पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. पुढच्या साप्ताहिक सुट्टीला तिला घेऊन जातोय.